घोडी वळली तो फोटो

प्रिय पप्पा,

तुम्ही जाऊन चार महिने झाले. इतके दिवस पत्र लिहावंसं वाटलं नाही, कारण मनातल्या मनात तुमच्याशी बोलणं चालूच होतं. गेल्या रविवारपासून मात्र ते अडकलंय. एक विचारायला जाते आणि दुसरंच तोंडात येतं. कागदावर तरी सरळ विचारता येतं का, बघते.

झालं असं, की चाकणच्या पुढचं ते गाव, जिथं तुम्ही सुट्टीच्या दिवशी बैलगाडा शर्यतीचे फोटो काढायला जायचात, तिथल्या मंडळाचा फोन आला. यंदाच्या जत्रेत तुमच्या फोटोंचं प्रदर्शन मांडायचंय म्हणाले. "ताई, तो उडत्या घोडीचा तर पायजेच हां!"

तो फोटो कुणाला माहीत नाही! बैलांच्या पुढं पळणारी घोडी, चारही पाय जमिनीवरून सुटलेले, तिच्यावर स्वार झालेले बबनकाका पार तिच्या मानेवर वाकलेले, मागं बैलजोडी आणि धुरळा. कंपनीत तुमच्या पेंटशॉपमध्येसुद्धा तो लावला होता. पुढं त्याच शर्यतीत घोडी पडली, संध्याकाळपर्यंत गेली, बबनकाकांचा पाय मोडला. "पडतानाचे फोटो नाहीत, रोल संपला होता," असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. मलाही.

पप्पा, रोल संपला नव्हता.

सांगवीच्या घरी तुमच्या कपाटात, लग्नाच्या पत्रिकांखाली, एक वेगळं पाकीट सापडलं. आत निगेटिव्हची एकच पट्टी. ती स्कॅन करून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातच उघडली. पहिला फोटो ओळखीचा. दुसऱ्यात घोडी एकदम उजवीकडं वळलेली, आणि तिच्यापुढं, बघ्यांना अडवायला बांधलेल्या दोरीच्या आत, पिवळ्या फ्रॉकातली एक मुलगी टोपी उचलायला वाकलेली. तिसऱ्यात नुसती माती आणि कुणाचे तरी पाय.

ती मी आहे ना?

मी तेव्हा दहा वर्षांची होते. टोपी उडालेली आठवते. तुम्ही दंड धरून मला गदागदा हलवलंत, तेही आठवतं. स्कूटरवर मागं बसवून परत येताना तुम्ही तीनदा म्हणालात, "तू दोरीच्या बाहेर होतीस. काका पडले ते नंतर." मग मला तसंच आठवायला लागलं. इतकी वर्षं मी माझी आठवण सांगत होते की तुमची?

आणि एक विचारते, रागावू नका. समोर तुमची मुलगी, अंगावर घोडी येतेय, आणि तुम्ही बटण दाबलंत? तुमचा तो कॅमेरा, बोट दाबून धरलं की फोटो आपोआप निघत जायचे. बोट तसंच राहून गेलं असेल. तिसऱ्या फोटोत तुम्ही माझ्याकडं धावत असाल, कॅमेरा गळ्यात हेलकावत असेल. मी असं समजू का? रोज सकाळी असंच समजते. दुपारपर्यंत ते टिकत नाही.

गावात सगळे म्हणाले, बबननं लगाम चुकीचा ओढला. घोडी त्यांच्या थोरल्या भावाची, नानांची. पोटच्या पोरीसारखी सांभाळलेली. नानांनी धाकट्या भावाशी बोलणं टाकलं. भिंतीला भिंत लागून घरं, आणि वीस वर्षं अबोला! हे तुम्हाला माहीत होतं, पप्पा.

त्यानंतर तुम्ही घोड्यांचे फोटो काढलेच नाहीत. का, विचारलं की म्हणायचात, "गुडघे दुखतात, शर्यतीच्या घाटावर चढवत नाही." मग माणसांचे काढायला लागलात. बारशी, जयंतीची मिरवणूक, कंपनीच्या गेटवर शिफ्ट सुटतानाची गर्दी, हळद दळणाऱ्या बायका. मला वाटायचं, तुमचं मन मोठं होत चाललंय.

रविवारी मी फोटो घेऊन बबनकाकांकडं गेले. प्रदर्शनात लावण्याआधी त्यांना दाखवणं भाग होतं. घरात शिरले आणि थबकलेच. चारही भिंतींवर तुमचे फोटो! मुलाचं बारसं, मुलीचा साखरपुडा, काकी चुलीपुढं, नातू बैलाच्या पाठीवर. तुम्ही तिथं जात होतात, हे आम्हाला कधीच का सांगितलं नाहीत?

"दर कार्याला यायचा तुजा बाप," काका कौतुकानं म्हणाले. "न बोलवता यायचा. चहाबिगर काय घेत न्हाई."

मी मधला फोटो पुढं केला. त्यांनी तो उजेडाला धरला. मग म्हणाले, "म्हंजी माजा हात चुकला न्हवता?"

"नाही काका. मी मधे आले."

"मी पोरीला वाचवाया लगाम वढला व्हय!" त्यांचा आवाज चिरकला. "पडलो तवा डोक्याला मार बसला. मला कायबी आठवंना. लोक म्हनले हात चुकला, मीबी तेच धरून बसलो."

मी माफी मागितली. त्यांनी ऐकली की नाही, कळलं नाही. ते भिंतीकडं बघत होते. मग मला विचारलं, "पोरी, तुजा बाप हितं माज्यासाठी येत व्हता, का ह्या फोटूसाठी?"

पप्पा, काय सांगायचं मी? तुम्ही काय सांगितलं असतंत?

ते काठी टेकत उठले. "चल, नानाला दावू."

नाना ओट्यावर बसले होते. भावाला दारात बघून त्यांनी मान फिरवली. मी फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी घोडीच्या तोंडावरून अंगठा फिरवला. "ही पोरगी कोन?"

"मी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. पण त्यांनी बबनकाकांच्या मोडक्या पायाकडं पाहिलं आणि म्हणाले, "उभा का? बस की."

काका बसले. सुनेनं चहा आणला. मला तिथं बसवेना, म्हणून निघाले. रावेतला माझ्या घरापर्यंत गाडी चालवताना मला आनंद झालाय की तुमचा राग आलाय, हेच कळत नव्हतं. मला वाचवायला तुम्ही गप्प बसलात, हे कळतं. पण मी मोठी झाले, नोकरीला लागले, तरी गप्प? त्या दोघांची वीस वर्षं कुणी परत करायची? आणि तरीही, वेड्यासारखी मी तुमचा जुना शर्ट उशाशी घेऊन झोपते.

तर वचन देते, पप्पा. जत्रेत तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावीन. खाली नाव तुमचं असेल. मधल्याखाली मी लिहीन, की घोडीपुढं आलेली मुलगी मी आणि बबनकाकांनी मला वाचवलं. कुणी विचारलं, तुमच्या वडिलांनी हे का लपवलं, तर तुमच्यासाठी खोटं बोलणार नाही आणि तुम्हाला वाईटही ठरवणार नाही. मला माहीत नाही, एवढंच सांगीन.

तुमचीच, आणि अजून रागावलेली,
प्रज्ञा