भंतेंचा होकार

प्रिय चिमणे,

परवा तू फोनवर म्हणालीस, की छोटीला सासूबाईंकडे ठेवून ध्यानकेंद्रात कायमची राहायला जातेस, भंतेंना विचारलंस आणि त्यांनी मान डोलावली. मी नुसतं ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, आई रागावली. रागावले नव्हते गं. तुझे बाबा गेल्यापासून मला राग यायलाच वेळ लागतो, आणि तो येईपर्यंत मी दुसऱ्या कामाला लागलेली असते.

आमच्या कानाच्या यंत्रांच्या दुकानात सगळं ठीक आहे. तेच काम, कानात कापूस सारायचा, वरून पिचकारीने गुलाबी लगदा भरायचा, घट्ट झाला की साचा अलगद काढायचा. बाबा म्हणायचे ना, आमची ही लोकांचे कान भरते आणि वर पगार घेते.

गेल्या आठवड्यात भंते आले होते. पडसं झालंय, दडे बसलेत, असं सोबतच्या सेवेकऱ्याचं म्हणणं. आमच्या कान तपासणाऱ्या मॅडमनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला आणि आवाज आला की बटण दाबा, असं खुणेनं समजावलं. मग त्या आवाज वाढवत गेल्या. भंतेंनी बटण काही दाबलं नाही. मध्येच त्यांची नजर माझ्याकडे गेली, तसे ते हसले आणि त्यांनी मान डोलावली. तीच, सावकाश, डोळे मिटून. हे आजचं नाही, म्हणाल्या मॅडम, सात-आठ वर्षांचं तरी असेल.

बाबांना जाऊन तीनच वर्षं झाली.

ऑपरेशनची तारीख ठरलेली असताना ते केंद्रात गेले होते. मी शेजारीच बसले होते. नाही केलं तर चालेल ना भंते, असं त्यांनी कुजबुजत विचारलं. तिथे सगळे कुजबुजतच बोलायचे. एकदा भंतेंच्या पाठीमागे ताटांची चळत कोसळली आणि ते हललेसुद्धा नाहीत, तेव्हापासूनचा तो रिवाज. केवढी ही समाधी, म्हणाले सगळे. मीही म्हणाले. भंतेंनी मान डोलावली आणि बाबा शीळ घालत घरी आले. खरं सांगू? त्यांना ऑपरेशनची भीती वाटत होती. डॉक्टर इतकं घसा फोडून सांगत होते, ते त्यांनी कानाआड केलं.

काल भंतेंच्या उजव्या कानात यंत्र बसवलं. चालू केल्याबरोबर दचकले, हा पंखा एवढा वाजतो, म्हणाले. मग आपणहून बोलायला लागले. कमी ऐकू यायला लागलं तेव्हा वयच झालं म्हणून सोडून दिलं होतं त्यांनी. लोक येतात, मन मोकळं करतात, आपण मान डोलावली की हलके होऊन जातात, एवढंच त्यांना दिसायचं. माणसं आपल्याला काही विचारत असतील असं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पूर्वी प्रवचनात ते निक्षून सांगायचे, मी म्हणतो म्हणून काही करू नका, आपलं आपण पडताळून पाहा. आठवतं? तेव्हाही आपण सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

मी त्यांना बाबांचं काही सांगितलं नाही. सेल कसा बदलायचा ते दाखवलं, पिचकारी धुतली आणि डबा खाल्ला. रडू येईल म्हणून वाट पाहिली, पण नाही आलं.

तू जाऊ नकोस असं सांगायला हे लिहीत नाही. तुझं मन तिथे रमतं, मला ठाऊक आहे. फक्त जायच्या आधी त्यांना पुन्हा एकदा विचार. समोर बस, उजव्या बाजूला, आणि चांगलं मोठ्याने विचार. कुणी गप्प करू लागलं तरी थांबू नकोस. आणि छोटीलाही सोबत ने. तिलाही काहीतरी विचारायचं असेल, आणि तिचा आवाज खणखणीत आहे.

तुझीच,
आई