मॅडमचा एक दोष

५ नोव्हेंबर
रश्मी नागपूरहून नवी गाडी घेऊन आली. बॅटरीवाली. आमच्यासाठीच, म्हणे. फाटकातून आत शिरली तरी आवाज नाही. सौ. अंगणात तांदूळ पाखडत बसली होती, एकदम पाठीमागे गाडी पाहून हातातलं सूप पडलं. पोरीने हौसेने आणली, पण खरं लिहितो, मले नाही आवडली. कारण तिचं दुसरंच वाक्य: "बाबा, आता जीप काढा. अंगणात दोन गाड्या मावत नाही."
ह्याच जीपमध्ये हिले दवाखान्यातून घरी आणलं. फडक्यात गुंडाळून. आता जीप काढा म्हणते!
खूप वाजलं आमचं. शेवटी तीच म्हणाली, "तुमाले गाड्यांतलं लय कळते ना? मग महिनाभर हीच चालवा. एक खरा दोष दाखवा, जीप राहील. नाही सापडला त भंगारवाल्याले फोन."
म्हटलं एक काय, दहा दाखवतो. आमच्या सिहोऱ्यात कोणी जुनी स्कूटर घेतली तरी पहिले मले दाखवायले आणते.

७ नोव्हें.
बटण नावाची वस्तूच नाही गाडीत. एसी कमी करायचा त समोरच्या पडद्यावर, टीव्हीच म्हणा, बोट घालून शोधा. जीपमध्ये नजर रस्त्यावर अन् हात बटणावर. हिच्यात नजर टीव्हीवर अन् भरवसा देवावर.
रश्मी नागपूरले परत गेली, तिले फोनवर हा दोष सांगितला. रश्मी म्हणे, "तोंडाने सांगा, ऐकते ती." सांगितलं. सिहोऱ्याच्या मराठीत सांगितलं. तिने पंखा वाढवला अन् भजन लावलं. रश्मी म्हणे हा दोष नाही, सवय आहे.
बाईच्या आवाजात सारखी बोलते. "कृपया सीटबेल्ट लावा. कृपया ब्रेक घ्या." मी नाव ठेवलं मॅडम. सौ. म्हणाली, "माह्यं जन्मात ऐकलं नाही, तिचं बरं मुकाट्याने ऐकता." मी सीटबेल्ट लावला.

१० नोव्हें.
सापडला! मॅडम सकाळपासून बोंबलून राहिली, समोरचं काही दिसत नाही म्हणून. लगेच रश्मीले व्हिडिओ कॉल. म्हटलं, पाह्य, पाच दिवसांत आंधळी झाली तुही लाखमोलाची.
तिने गाडीच्या नाकाडासमोर फोन धरायले लावला. मग हसत सुटली. कॅमेऱ्याच्या डोळ्यावर हळद, त्यावर कुंकू, त्यावर तांदूळ. सौ.ने बरोब्बर तिथंच टिळा लावला होता.
"अवो, नव्या गाडीची पूजा नाही करायची का? अन् गाडीचं कपाळ तेच होय ना?"
दोष बाद. ओल्या फडक्याने पुसलं.

१४ नोव्हें.
घरच्या टीव्हीवर पेट्रोलमधल्या इथेनॉलची चर्चा. चारही जण एकदमच ओरडत होते, मत कोणाचंच कळलं नाही. माह्यं मत असं: दारू गाडीले पाजली त धोरण, डायव्हरने पिली त चलान. आपली जीप डिझेलवाली, निर्व्यसनी.
आज लाइट नव्हती सकाळपासून. मॅडम उपाशी. जीपने भंडाऱ्याले जाऊन आलो, लय बरं वाटलं. हात भरून आले, कंबर धरली, पण बरं वाटलं. हा दोष रश्मीने लाइटवाल्यांच्या खात्यात टाकला.

१८ नोव्हें.
धान निघालं, आता रस्ता अर्धा गाववाल्यांचा. एका बाजूने धान वाळत, कडेले दगड, उरलेल्या पट्टीतून वाहनं. समोरून कोणी आलं त एक चाक धानाच्या कडेवरून घ्यायचं, ही इथली रीतच. धानवाला दोन शिव्या देते, आपण हात दाखवतो, झालं.
मॅडमले हे कोणी शिकवलंच नाही. धान दिसलं की थांबते. स्टेअरिंग आपोआप ओढते. मागे ट्रॅक्टर, त्याच्या मागे एसटी, सगळे हॉर्न मारून राहिले, अन् मॅडम म्हणे "पुढे अडथळा आहे."
रश्मी: "बाबा, रस्त्यावर धान वाळवणं हा गाडीचा दोष का?"
म्हटलं, मग कोणाचा? रस्ता आमचा, धान आमचं, हीच तेवढी बाहेरून शिकून आली! नाही मानलं तिने.

२३ नोव्हें.
लिहू नये असं वाटते. तरी लिहितो.
तुमसरहून येत होतो. दिवस बुडला होता. नाल्याजवळ धानाचा ढीग, त्यावर ताडपत्री, बाजूले दोन पोती. समोरून ट्रक. मी नेहमीसारखं चाक धानावर घेतलं. तेवढ्यात मॅडम किंचाळली अन् असा ब्रेक मारला की छाती पट्ट्यावर. माहा पाय ब्रेकवर नव्हताच. मोठ्याने शिवी दिली. म्हटलं, पोत्याले घाबरते का गं! पुरावा म्हणून फोटो काढायले उतरलो.
दोनातलं एक पोतं उठून बसलं.
"काय गा भास्कर? लाइट त कमी कर, डोये दिपले."
तुकाराम. शाळेतला माहा दोस्त. धान राखता राखता घोंगडं घेऊन तिथंच लवंडला होता. टायर अन् त्याचे पाय, मधात हातभर जागा.
मी त्याले हात देऊन उभं केलं. तोच म्हणाला, "तुह्या जीपचा आवाज आला असता त केव्हाच उठलो असतो. हे त चोरावानी येते बाप्पा."
खरा दोष सापडला. आवाजच नाही. पण तो रश्मीले सांगायचा त सगळंच सांगावं लागते. मले तुकाराम दिसला नाही, हे पण.

२५ नोव्हें.
तुकाराम गावभर सांगून राहिला, भास्करने काय ब्रेक मारला, जीव वाचवला! चहाच्या टपरीवर माह्ये पैसे घेतले नाही. त्याची बायको घरी येऊन पाया पडली. तिले नाही म्हणायले तोंड उघडलं, अन् "असू द्या" एवढंच निघालं. भेकड मी, दुसरं काय.

२७ नोव्हें.
रश्मीचा फोन. तिच्यापर्यंत गोष्ट गेलीच.
"बाबा, तुमी ब्रेक मारला म्हणजे गाडीने नाही मारला. माणूस समोर असून! हा त लय मोठा दोष. तुमी जिंकले. जीप राहू द्या. उद्या कंपनीवाल्यांशी भांडते, गाडी परतच करते."
जीप राहिली. मॅडम जाते. मले पाहिजे होतं ते सगळं, एका "हो"वर. म्हटलं, थांब जरा, आवाज कटून राहिला. अन् फोन ठेवला. आवाज साफ येत होता.

रात्री जेवलो नाही. सौ.ने ताट झाकलं अन् समोर येऊन बसली. आताच म्हणाली, "तुकारामभाऊले तुमीच पाहिलं ना? खरं सांगा. उद्या आपली नात, रश्मीची पोर, येणार आहे सुट्टीले, अंगणात खेळन. जीप काही आपोआप थांबत नाही."
सौ. अजून समोर बसूनच आहे. मी मान खाली घालून हे लिहून राहिलो.