ती मागे वळून बघत नाही

मुलुंड, सोमवार, मार्च १९८६

जेवण गेलं नाही. उद्या सकाळी माझ्या टी.वाय.च्या मुलींचा इंग्रजीचा पेपर, आणि मी त्यांना चुकीचं शिकवलंय.

नेमलेल्या कादंबरीतली नायिका बापाचं घर कायमचं सोडते. फाटकाशी थांबते आणि मागे वळून बघते. त्या एका बघण्यावर मी वर्गात अख्खा तास घेतला. रेखाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "मॅडम, मीपण वळले असते."

आज सहज ते पान काढलं. ती वळतच नाही! सरळ घोडागाडीत बसते, प्रकरण संपतं. वळते ती त्यावरच्या सिनेमात. दिवाळीत सोसायटीने व्हीसीआर भाड्याने आणला होता, तेव्हा कुलकर्ण्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून बघितला होता. कॉलेजात असल्यापासून हे पुस्तक वाचतेय मी. मग वर्गात शिकवलं काय, कुलकर्ण्यांचा टीव्ही?

ह्यांना सांगितलं तर हसले. "अगं, तपासणाऱ्यानेही व्हिडिओच बघितला असेल."

कसली मस्करी! मुलींचे मार्क जातील त्याचं काय? न वळणारी बाई वेगळी, वळणारी वेगळी. अख्खं उत्तरच बदलतं ना.

सकाळी लवकर जाऊन कॉलेजच्या गेटवरच सगळ्यांना गाठायचं. बाकीच्या सुधारून घेतील. पण रेखाला कुठल्या तोंडाने सांगू?

आत्ता पुन्हा तेच पान वाचलं, मोठ्याने वाचलं. मग डोळे मिटले.

ती फाटकाशी थांबली. आणि वळली.