चार बोटांची पट्टी

२२ एप्रिल १९७९
साक्षरता वर्गाच्या बाई म्हणाल्या, शिकलेलं विसरू नये म्हणून रोज चार ओळी लिहा. लिहिते. विसरणारी माणसं वेगळी.
महिला मंडळाच्या भांड्यांच्या खोलीची किल्ली आजपासून माझ्या कमरेला. आजवर जनीकडे होती. तिला अक्षर येत नाही. कुठलं भांडं कुणाकडे, ते तोंडपाठ सांगायची. असं चालतं होय?

२४ एप्रिल
मोठा तक्ता केला. कागदाला कागद खळीनं चिकटवले. डावीकडे उभी त्रेसष्ट घरं, वर आडवी चौदा भांडी. भांडं ज्याच्या घरी, त्याच्यासमोर फुली. परत आलं की खोडायची. जनीनं सांगितलं, मी फुल्या मारल्या. पहिलं घर माझं. अध्यक्षीण कोण आहे?
कागद दोन लाटण्यांवर गुंडाळला, मधे पाट. लाटणं फिरवलं की कागद वर सरकतो.

२६ एप्रिल
अडचण. चाळिसाव्या घरापाशी आलं की भांड्यांची नावं वरच्या लाटण्यात गुडूप. भिवाजीची फुली परातीची की घागरीची?
ह्यांना म्हटलं, वरचं टोक धरून नावं वाचा. म्हणाले, "मी काय खांब हाय गं?" तरी धरलं. तक्त्यातल्या सातव्या घरापाशी आलो तोच चहा प्यायला गेले ते गेलेच.

२७ एप्रिल
युक्ती सापडली! पुठ्ठ्याची पट्टी, तिच्यावर चौदा भांड्यांची नावं. पट्टी पाटाच्या वरच्या कडेला ठोकली. खालून कागद सरकतो, नावं जागची हलत नाहीत. फुली लांब असली तर घराच्या नावापासून दोरा ताणायचा. हे मला कुणी शिकवलं नाही.
पट्टी चार बोटं रुंद. नावं वर, खाली शोभेला कोरं सोडलं. त्यात कागदावरची पहिली ओळ झाकली जाते. माझीच आहे. माझं मला ठाऊक.
म्हैस व्यालीय. पेंड-भुशाचं आंबोण आता मोठा टोप भरून, दोन वेळा.

३ मे
जनी तक्ता बघून गेली. म्हणाली, "झ्याक हाय. पन तुजं घर दिसत नाय गं?" म्हटलं, अध्यक्षिणीचं घर बघायचं नसतं. हसली. जळते, दुसरं काय.

९ मे
ठमीच्या सुंदराचं लग्न अठराला. मंडळाचा भाताचा टोप पाहिजे. खोलीत नाही. तक्ता दोनदा खालीवर केला. टोपाखाली एकही फुली नाही. म्हणजे चोरी.
बायका म्हणतात, जनीला विचार. लेखी असताना तोंडी का विचारू?

११ मे
सोनुबाईवर संशय. तिच्या घरासमोर परातीची फुली आहे, परातीशेजारी टोप. पट्टी बोटभर सरकली असेल. दारात जाऊन स्पष्ट विचारलं.
म्हणाली, "चंद्राबाय, टोप माज्याकडं असता तर त्यात आदी तुलाच उकडली असती."
चोराचं तोंड मोठंच असतं.

१४ मे
सभा. ठमी रडली. दीडशे माणसांचा भात काय ती परातीत शिजवणार? मी सगळ्यांसमोर सांगितलं, सोळापर्यंत टोप मिळाला नाही किंवा तक्ता चुकला असला तर किल्ली सोडते. घरोघरी बघा, माझ्यापासून सुरू करा. मीच म्हटलं. मला कसली भीती?

१६ मे
आल्या. माळा बघितला, मोरी बघितली. मी चहा टाकला. गोठ्यातून जनीची हाक, "चंद्राबाय, जरा ये गं. तुला वाचता येतं ना? ह्या काठावर काय लिवलंय?"
वाचलं. महिला मंडळ, कळंब.
म्हशीनं चाटून नाव लख्ख केलं होतं.
नातवाच्या बारशाला आणला होता. मग म्हैस व्याली. कामात राहून गेलं. कुणाचंही राहील.
सोनुबाईनं पट्टी वर उचलली. पहिलं घर, टोप, फुली. अक्षर माझं. म्हणजे तक्ता बरोबरच होता! हे मी चारदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही, किल्ली काढून घेतली.
जनीला म्हटलं, तोंडानं का नाही सांगितलंस? म्हणाली, "पयल्या दिवशीच सांगितलं. तूच लिवलंस."

१८ मे
टोप ठमीनं राखेनं सात वेळा घासला. भात मोकळा झाला होता. सोनुबाई पंगतीत वाढत होती. माझ्यापाशी वाकून म्हणाली, "आंबोन वाढू का गं?" सगळी पंगत हसून ठसकली.
पोटभर जेवले. का नाही जेवायचं?

१९ मे
म्हशीला भांडं नाही. बादलीत तोंड घालत नाही, सवय मोडलीय तिची. शेवटी जनीकडे गेले. किल्ली तिच्या कमरेला. म्हटलं, एखादं जुनं घमेलं दे.
म्हणाली, "देते की. पन आता लेखी हाय गं सगळं." आणि तक्ता पुढे सरकवला.
पट्टी तीच. नावंही माझ्याच अक्षरातली. खालचं कोरं मात्र जनीनं कात्रीनं उडवून पट्टी दोन बोटांची केलीय.
पहिली ओळ उघडी होती. घमेल्याखाली फुली मारली.