दुकान वाढवतोय!

३ मार्च, सोमवार
ठरलं. महिनाअखेर दुकान वाढवायचं! पुष्पाला सांगितलं. मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं झालं." अडतीस वर्षांच्या रेकॉर्डच्या दुकानाला दोन शब्द! गुडघे शिडी चढू देत नाहीत आणि निम्मा माल माळ्यावर, हे मान्य. एकट्याने होत नाही, हेही मान्य. पण जरा हळहळायचं तरी!

५ मार्च, बुधवार
सुखदा आली. पुण्याची पोरगी, कोरमंगल्यात राहते, कॉम्प्युटरवर काहीतरी करते. दर बुधवारी येते, चाळीस रेकॉर्डी ऐकते आणि एक घेते. म्हटलं, "महिनाअखेर दुकान वाढवतोय." टाळ्याच वाजवल्या! "काका, फायनली!"
मी घरी येऊन फुगून बसलो. इतकी कंटाळली होती मला?

८ मार्च
उलगडा झाला. तिला वाटलं, दुकान मोठं करतोय! पुण्याची मुलगी आणि एवढं कळू नये? आम्ही चार पिढ्या इथे कानडी मुलखात 'स्वल्प', 'सरी' करत काढल्या, पण दुकानाला 'बंद' शब्द लावला नाही. आजोबांनी थोबाडीत दिली असती.
तिने मोबाइलवर जाहीरही करून टाकलंय. कुणाकडून तरी कानडीतसुद्धा! सकाळपासून अभिनंदन. शेजारचा देवाप्पा चपलांच्या दुकानातून हार घेऊन आला. "अण्णा, माझी भिंत फोडणार नाही ना?" तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्याने तोंडात पेढा कोंबला.

१४ मार्च
गर्दी! पाय ठेवायला जागा नाही. एक जण म्हणाला, "म्हणूनच मोठं करताय!"
पुष्पा चिडलीय. "स्वल्प खरं सांगा की हो! बंद होतंय म्हणा."
"तो शब्द मी काढणार नाही."
"मग काय काढणार? शाखा?"

२० मार्च
सुखदाने नव्या दुकानाचा नकाशा काढून आणला. चहाचा कोपरा, बसायला बाक, माझ्यासाठी पाठ टेकायची खुर्ची. मग स्वतःच माळ्यावर चढली आणि दोन तास धूळ झटकत बसली. मी खालून नुसता "सावकाश गं" करत होतो. फार वाईट वाटलं. या पोरीचा माझ्या दुकानावर माझ्याहून जास्त जीव आहे.

२६ मार्च
नाही सांगितलं.

३१ मार्च
आज सांगणारच होतो. "सुखदा, जरा बोलायचंय." तर म्हणे, "आधी मी, काका!" तिने नोकरी सोडली. शुक्रवारीच! "मोठ्या दुकानात तुम्हाला माणूस लागेलच ना?"
तिला चहा सांगितला. मागच्या बाजूला जाऊन जागामालक मंजुनाथला फोन लावला. म्हटलं, उद्यापासून जागा सोडतो म्हणालो होतो, ते राहू दे. आणि बाजूची खोली रिकामी आहे का, तेही विचारलं.