तीन सिंथेसायझर आणि एक टेबलफॅन

तीर्थस्वरूप मामांना लांबूनच साष्टांग नमस्कार (जवळ आलो तर पाठीवर आशीर्वादाऐवजी भलतंच काही पडेल). मामींचे गुडघे काय म्हणतात? तुमचा रक्तदाब कसा आहे? चढा असेल तर पत्र बसून वाचा.

कळवायचं ते असं, की मी संगीत सोडलं. कायमचं. कॉलेज सोडलं तेव्हाही ‘कायमचं’ म्हणालो होतो, पण तेव्हा मी लहान होतो (मार्चमध्ये). आता पुन्हा कॉलेजात नाव घालतोय, हे आईला तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून तिला खरं वाटणार नाही.

झालं काय, आमचं त्रिकूट तुम्हाला ठाऊकच आहे: मी, आमचा म्होरक्या (ज्याला सगळे ‘दाढी’च म्हणतात), आणि ती. (तिच्याबद्दल मी फक्त मामींना सांगितलंय, म्हणजे तुम्हाला सगळं माहीत असणार.) तिघांचे तीन जुने अ‍ॅनलॉग सिंथेसायझर. या जातीच्या यंत्रांचा स्वभाव थेट माझा: जरा तापलं की सूर सुटला. त्यात तालमीची खोली लाँड्रीच्या डोक्यावर. खाली इस्त्र्या तापल्या की वर तिन्ही यंत्रं तीन दिशांना. शनिवारी कार्यक्रम, आणि दाढीनं बजावलेलं, “आज सूर जुळले नाहीत तर तू घरी बस, आम्ही दोघंच वाजवू.” आम्ही दोघंच! मामा, तुमचं रक्त उसळलं नसतं?

तरी मी निमूटपणे सूर जुळवले. वाजवायला लागलो, तर तिच्या कपाळावर घाम. निव्वळ माणुसकीनं (मामी काहीही म्हणोत) मी टेबलफॅन तिच्याकडे वळवला, आणि लगेच कानाला खुपायला लागलं. वाऱ्यानं गार होऊन तिचं यंत्र सुरावरून सरकलं होतं, हे मला कळलं. पण दाढीदेखत “तुझा सूर गेला” असं तिला म्हणू? जीभ झडेल! मी गुपचूप आपल्याच यंत्राचा कान पिळला आणि तिच्या सुराला गेलो. तरी बेसूर. पुन्हा पिळला, पुन्हा बेसूर. म्हणजे गुन्हेगार दाढीच! तावातावानं उठलो आणि त्याच्या यंत्राची पिन उपटली. (ते बंद पडल्यावरही उरलेली दोन तशीच भांडत होती, पण तिकडे मी तत्त्वासाठी दुर्लक्ष केलं.) दाढी म्हणाला, “चालता हो.” मी म्हणालो, “हा चाललो.” आणि खरंच चाललो, चपला तिथेच विसरून.

तुमचा विरक्त भाचा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच ती माझ्या चपला घेऊन आली. तिला वाटलं होतं, आपलंच चुकतंय; म्हणून तीही गुपचूप माझ्या सुराला येत होती! म्हणजे मी तिच्या दारात, ती माझ्या दारात, आणि दोन्ही घरांना कुलूप. पोट धरधरून हसली. मग म्हणाली, “मूर्खा, एकानं तरी जागेवर थांबायला हवं ना! तू हलू नकोस, मी येते.” मामा, मी अजून हललेलो नाही.

आणखी एक ता. क. खोली गार राहिली तरच परत घेईन, असा दाढीचा निरोप आहे. तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात तो खिडकीतला एसी धूळ खात पडलाय, तो शुक्रवारी आणून बसवाल? संगीत सोडल्याचं वर लिहिलंय, ते वाचलंच नाही असं समजा.

अगदी शेवटचं. आईला कॉलेजचं अजून बोलला नसाल तर बोलू नका. बोलून झालं असेल, तर एसीबरोबर स्वतःचे दोन दिवसांचे कपडेही आणा. तिच्यापासून लपायचं आपल्या दोघांनाही आहे. निदान गारव्यात लपू.