खंडेनवमीला पुजलेलं कानाचं मशीन

सोमवार, घट बसले
सगळ्यात आधी कोन हजर, तर शेजारची सरूबाई! तिला चांगलं ऐकू येतं, तरी आली. फुकट तपासतेत म्हनून. शाळंत पुन्याच्या दोन म्याडम आल्यात, म्हाताऱ्या मानसांच्या कानांचा अभ्यास करायला. पौडला जाऊन यष्टी बदलून कान दाखवायला पुन्याला कोन जातंय? त्याच हितं आल्या, बरं केलं.
माज्या दोनी कानांवर झाकनं बसवली. आवाज आला की बटन दाबा म्हनल्या. दोन-तीनदा दाबलं आसंल. मग नुस्तीच बसून. म्हनलं, "बाई, मशीन बंद पडलं व्हय?"
ती कानाशी येऊन वरडली, "आजी, चालूच आहे की!"


गुरुवार
मशीन दिलं. वालाच्या दान्याहून थोडं मोठं, कानामागं बसतंय. रोज घालायचं. कोन घालतं आन् कोन कपाटात ठिवतं, त्येच त्यांना बघायचंय. न्हाई वापरलं तर परत नेनार.
घालून घरी आले तर, आगं बाई! डोईवरचा पदर कानाला घासतो त्येचा आवाज. माज्याच जोडव्यांचा आवाज. आन् ह्ये चहा पितेत तर सुर्रर्र, बैल पानी पितोय जनू. म्हनलं, "आसं पिता व्हय तुमी?"
"जलमभर आसाच पितोय," म्हनले.

शुक्रवार
लई मोटी गोष्ट. आमची सून गाती! वैशाली. पैल्या भाकरीपास्नं शेवटच्या भाकरीपरेंत. मी दाराआड थिजून उभी. भोंडल्याची गानी, निम्मी मला ठावीबी न्हाईत.
"कवापास्नं गं?"
"लगीन होऊन आले तवापास्नं, आत्या. तुमी कदी काय म्हनला न्हाई. वाटलं, तुमाला आवडत नसंल."
मला? आवडत नसंल? पाट टाकला, बसले ओट्यापाशी. म्हनलं, गा.

रविवार
रोज पाट टाकून बसते. सरूबाईला सांगितलं तर म्हनती, "माजी सून बोलती तेवडंच मला लई झालं." हसून हसून डोळ्यात पानी.

बुधवार, खंडेनवमी
काय लिवू.
ह्यांनी कोयता, विळं, पहार, टिकाव धुऊन वळीनं मांडलं. वरच्या खोलीतला भाडेकरू हिंजवडीला कामाला हाय, त्यानंबी ल्यापटॉप आनून ठिवला. मग माजं हत्यार कुटं? हौसंनं मशीन मांडलं. समद्यांवर पानी शिपडलं, त्याच्यावर न्हाई. तेवडी अक्कल हाय मला. हळद-कुंकू मातुर मनापास्नं, चिमटी भरभरून. झेंडू वाहिला, नमस्कार केला आन् कानात घातलं.
कायबी न्हाई.
फुकलं, झटाकलं. ह्ये टाचनी घेऊन आले, वैशालीनं काढून घेतली हातातनं. बारीक भोकात कुंकू गेलंय म्हनती. भाडेकरूचा ल्यापटॉप सुरू झाला. माजंच तेवडं...

गुरुवार, दसरा
वैशालीनं म्याडमला फोन लावला. मदीच कानाशी येऊन वरडली, "काय सांगू, आत्या?"
ह्ये दुसऱ्या कानाशी वरडले, "सांग, आपोआप बंद पडलं."
मी म्हनलं, पुजलं म्हनून सांग. न्हाईतर त्यांना वाटंल हिनं कपाटात टाकलं, आन् नेतील उचलून.
वैशाली बराच वेळ नुस्ती मान हालवत व्हती. "काय म्हनल्या गं?"
फोन ठिवून ती कानाशी आली, "आदी हसल्या."
"आन् मग?"
"साफ करून बगू म्हनल्या. न्हाई झालं तर दुसरं देता येईल का, ते वर विचारावं लागंल. नक्की काय सांगत न्हाईत."
सरूबाई सोनं द्यायला आली, लई वेळ बसली, तोंड चालूच. काय बोलली, देव जानं.

शुक्रवार
सवयीनं पाट टाकून बसले. वैशाली ओट्याकडं तोंड करून उभी, मला नुस्ती पाठ. गाती का न्हाई, कसं कळावं?
तिनं वळून बगितलं. मग परात उचलून खाली घेतली, माज्याम्होरं बसली आन् भाकरी थापाय लागली. व्हट हालत व्हते.
म्याडम सोमवारी येतो म्हनल्यात. कोजागिरी हाय.